साक्षीदारानं विचारायचं नसतं

आमच्या लॉ कॉलेजात मूट कोर्टासाठी, म्हणजे पोरांच्या सरावाच्या लुटूपुटूच्या खटल्यासाठी, खराखुरा साक्षीदार आणायची पद्धत होती. बाकीच्या कॉलेजांत पोरंच साक्षीदार होतात. कुणीतरी चष्मा लावून डॉक्टर होतं, कुणीतरी डोक्यावर पदर घेऊन विधवा होतं, आणि मागच्या बाकावरचे खिदळत बसतात. आमच्या सरांना हे असलं अजिबात खपायचं नाही. "खऱ्या माणसाला प्रश्न विचारून बघा, म्हणजे जीभ कशी टाळ्याला चिकटते ते कळेल," असं म्हणायचे. उभा जन्म कोर्टात काढून ते शिकवायला आले होते. काळ्या कोटाची कोपरं झिजून चकाकायला लागली होती, पण शिकवायचे जीव तोडून. त्यांच्याविषयी वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. तरी थोडं बोलणार आहे.

हा खरा साक्षीदार म्हणजे चाकणजवळच्या कुरुळीची एक बाई. आमच्या कॉलेजचं मोफत कायदा सल्ला केंद्र तिकडे भरायचं, तिथे ती पहिल्यांदा सरांकडे आली होती. मूळ तिथलीच, शेतकऱ्याच्या घरातली. नवरा चाकणच्या एका फोर्जिंगच्या, तापलं लोखंड ठोकायच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. एके दिवशी तो भट्टीपाशी कोसळला आणि गेला. म्हणजे असं ती म्हणायची. कंपनी आणि ठेकेदार म्हणायचे, छे हो, तो त्या दिवशी कामावर नव्हताच, गेटबाहेर रस्त्यावर चक्कर येऊन पडला, त्याला आम्ही काय करणार? हजेरीत त्याचं नाव नव्हतं हे खरं. कारण तो दुसऱ्याच्या कार्डावर बदली गेला होता. आमच्या पट्ट्यात याचं कुणाला काही वाटत नाही. एकाला गावाकडे लग्नाला जायचं असतं, दुसरा त्याचं कार्ड घेऊन आत जातो, शिफ्ट भरते, ठेकेदार काणाडोळा करतो. कुणी मेलं नाही तोवर सगळं सुरळीत चालतं. ज्याचं कार्ड होतं तो गडी आपल्या गावी गेला तो परत फिरकलाच नाही.

तेव्हा सगळं घोडं एवढ्याच ठिकाणी अडलं होतं: तो माणूस त्या दिवशी गेटच्या आत होता की बाहेर? आत असला तर बाईला भरपाई. बाहेर असला तर काही नाही, आणि वर ती खोटारडी. पुण्याच्या कामगार न्यायालयात तिचा दावा तारखांवर तारखा खात पडला होता. सरांनी तोच दावा आमच्या मूटला घेतला. माझ्या आधीच्या वर्गांनी तो चालवला होता, आम्ही चालवला, आमच्या नंतरच्यांनीही चालवला. दर वर्षी नवी पोरं नवे कोट घालून उभी राहायची आणि ही बाई तीच. यायची, हात जोडायची, लाकडी पेटीत उभी राहायची आणि आपला नवरा कसा गेला ते सांगायची.

मी रहाटणीत वाढले. माझे वडील लातूरकडून इकडे आले ते कंपनीतच लागले. घरात वकील कुणी नाही, कोर्टाची पायरी चढलेलं कुणी नाही. मी लॉ करते म्हटल्यावर वडील म्हणाले होते, "कर की. कामून नगं म्हनू? पर भांडायचं तं तू आधीच शिकलीस, तेच्यासाठी फी कशाला?" त्यांचं काही चुकत नव्हतं. जीभ माझी पहिल्यापासून तिखट. त्यामुळे मूटमध्ये मला बाईच्या बाजूची वकील व्हायचं होतं, मोठमोठ्यानं बोलायचं होतं. पण नावं काढली तेव्हा माझ्या वाट्याला आला कंपनीचा सुपरवायझर. बोंबला! वकील नाही, न्यायाधीश नाही, साधा साक्षीदार, तोही समोरच्या बाजूचा. "तू या भागातली आहेस, तुझ्या तोंडी शोभेल," सर म्हणाले. मी आठवडाभर फुरंगटून होते.

मूटच्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या हातात डब्यांची मोठी पिशवी होती. नवरा गेल्यावर तिनं कुरुळीत कामगारांना डबे द्यायला सुरुवात केली होती. खोल्या करून राहणारी पोरं, कुणी परभणीची, कुणी चिपळूणकडची, त्यांचे सकाळचे डबे भरायचे आणि संध्याकाळी रिकामे परत घ्यायचे. त्या दिवशी आमच्याकडे येताना ती रात्रपाळीच्या पोरांचे रिकामे डबे गोळा करतच आली होती. वर्गाच्या दाराशी बसून ती एकेका डब्याचं झाकण उघडून आत बघत होती. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाली, "भाजी टाकलीया बघ मेल्यानं. घरची आई असती तं टाकली असती व्हय?" मला हसू आलं. तिला नाही आलं.

मग कोर्ट बसलं. तिनं साक्ष दिली. काय सुरेख साक्ष होती! सकाळी तो कसा उठला, तिनं भाकरी आणि मेथीची भाजी डब्यात कशी भरली, तो "जातो गं" म्हणून कसा निघाला, बदलीचं कार्ड त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात कसं होतं. आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसानं डबा घरी कसा आणून दिला. डबा घासलेला होता. लखलखीत. "माझ्या मालकानं जल्मात डबा इसळला न्हाई," ती म्हणाली. "मंग घासला कुनी?" कंपनीच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या माझ्या वर्गमित्रानं सांगितलं, डबा रस्त्याकडेला सापडला, कुण्या भल्या माणसानं धुऊन आणून दिला असेल. मागच्या बाकांवर टाळ्या पडल्या. सरांनी मान डोलावली.

मग मी. सुपरवायझर. मी माझ्या कागदावरचं म्हणून दाखवलं: मी यांना ओळखत नाही, हे त्या दिवशी आत नव्हते, असल्याचं मला माहीत नाही. जमेल तेवढ्या घोगऱ्या आवाजात म्हटलं, पोरं हसली. मी पेटीतून उतरणार एवढ्यात ती बाकावरून उठली. पदर सावरला, आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलं,

"सायेब, त्यो जेवला व्हता का?"

कुणाला काही कळलंच नाही. मला तर मुळीच नाही. मी हातातल्या कागदाकडे बघितलं. तिथे ते लिहिलेलं नव्हतं.

"तुमी व्हता ना तितं," ती म्हणाली. "एवडंच सांगा. जेवला व्हता का उपाशीच गेला?"

कुणीतरी फस्सकन हसलं. सर न्यायाधीशाच्या खुर्चीशेजारी उभे होते, ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, असं नाही. साक्षीदारानं उत्तरं द्यायची असतात. साक्षीदारानं विचारायचं नसतं." ती "व्हय का?" म्हणाली आणि खाली बसली. चूक झालेल्या लहान पोरीसारखी बसली. मी पेटीतून उतरले आणि कामकाज पुढे चालू झालं. निकाल आमच्या बाजूनं लागला, म्हणजे कंपनीच्या. युक्तिवाद चांगला झाला होता ना!

मला माहीत आहे, तिला कळत होतं की मी पोरगी आहे, वकिलीची विद्यार्थिनी आहे. वेडी नव्हती ती. पण इतकी वर्षं तिला खरा सुपरवायझर समोर कुणी आणून दिलाच नव्हता. जो आला तो असा, कागद हातात धरून आलेला. तिला वाटलं असेल, या कागदांत लिहिलेलं असेल. एवढं सगळं लिहून आणतात ही शिकलेली पोरं, तर एवढंही आणलं असेल.

त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या मागे लागला. मी काही भुताखेतावर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण घरी वडील शिफ्टवरून आले, आईनं पिशवीतून डबा काढून मोरीत ठेवला, झाकणाचा आवाज झाला, की लगेच कानाशी: जेवला व्हता का? आईनं डबा उघडून आत बघितलं, "अहो, भात तसाच आणलात," असं म्हणाली, की मी उठून मोरीशी जायचे आणि स्वतः डब्यात डोकावून यायचे. कधी बसमध्ये शेजारचा कामगार पिशवी मांडीवर घेऊन पेंगायचा आणि त्याचा डबा खडखडायचा. भरलेला डबा वाजत नाही, रिकामा वाजतो, एवढं मला तेव्हापासून कळायला लागलं. परीक्षेत मी पुराव्याच्या कायद्याचा पेपर लिहीत होते, कोणती बाब संबद्ध आणि कोणती असंबद्ध यावर मोठं उत्तर लिहिलं, उत्तम मार्क मिळाले. लिहिताना ती बाई समोर बसलेली होती. अगदी दिसत होती मला, मांडीवर डब्यांची पिशवी घेऊन.

सनद मिळाली. काळा कोट आला. मग कळलं की कॉलेजनं आपल्याला कशासाठी तयार केलं आणि कशासाठी नाही. मूटमध्ये आम्ही "माय लॉर्ड" म्हणून अर्धा अर्धा तास बोलायचो. खऱ्या कोर्टात न्यायाधीश वर न बघता म्हणतात, "मुद्द्याचं बोला." कॉलेजात सरतपासणी म्हणजे नाटकाचा पहिला अंक, इथे ती आधीच शपथपत्रावर लिहून दाखल होते, आणि उरते ती उलटतपासणी. कॉलेजात प्रत्येक प्रकरणाला निकाल असायचा, चार वाजता चहा असायचा. इथे तारीख असते. झेरॉक्सच्या रांगेत उभं राहणं, शिरस्तेदाराशी गोड बोलणं, पक्षकाराच्या रडण्यात आपण रडायचं नाही आणि दगडही व्हायचं नाही, हे कुठल्या पेपरला होतं? कुठल्याच नाही. मी ज्या ज्येष्ठ वकिलांकडे उमेदवारी केली त्यांना मी एकदा हे वैतागून म्हणाले, तर ते म्हणाले, "मग काय, कॉलेजात पोहायला पुस्तकातच शिकवतात. बुडशील, शिकशील." डोंबल माझं! बुडतो तो पक्षकार, आपण नाही.

सरांचा फोन आला तेव्हा मी वकिलीत बऱ्यापैकी रुळले होते. सर थकले होते, आवाज पार बारीक झाला होता. म्हणाले, कुरुळीच्या ताईंच्या वकिलांनी दावा सोडला, तू घेशील का? मी एका दमात "हो" म्हणाले. विचार केला असता तर घाबरले असते. फाइल घ्यायला त्यांच्या घरी गेले तर ते गॅलरीत बसून होते. त्यांनी फाइल माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "ती आता फार छान साक्ष देते गं." ते कौतुक नव्हतं हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं, पण म्हणजे काय ते तेव्हा कळलं नाही.

कळलं ते तिच्या उलटतपासणीच्या दिवशी. आम्ही नाशिक फाट्याहून मेट्रोनं गेलो. ती खिडकीशी बसून खाली बघत राहिली. शिवाजीनगरला उतरताना म्हणाली, "लेकी, भ्या नगं. मला समदं येतंय." आणि खरंच तिला सगळं येत होतं! समोरच्या वकिलांनी प्रश्न अर्धा विचारावा आणि तिनं उत्तर पूर्ण द्यावं. हजेरीत नाव होतं का म्हणताच बदलीचं सांगून झालं. डब्याचं विचारायच्या आत डब्याचं सांगून झालं. "जल्मात डबा इसळला न्हाई" हे वाक्य आलं, त्याच जागी, त्याच सुरात, त्यानंतर तेवढंच थांबणं. मी हे आधी ऐकलं होतं. शब्द न् शब्द ऐकला होता. वर्षानुवर्षं पोरांनी तिला उलटसुलट विचारून, अडवून, "ताई, असं सांगा, तसं सांगू नका" म्हणून तिचं दुःख घासूनपुसून लखलखीत केलं होतं. त्या डब्यासारखंच. आत काय होतं ते आता कुणालाच दिसत नव्हतं.

समोरचे वकील मुरलेले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि मऊ आवाजात म्हणाले, "बाई, माझा प्रश्न तरी पूर्ण होऊ द्या." कोर्टात हशा पिकला. "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"पोरांनी," ती म्हणाली.

"कुठल्या पोरांनी?"

"कालेजातल्या. दर साली शिकिवत्यात. लई गुनाची पोरं हायती."

ती अभिमानानं म्हणाली हो. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं, लिहून घ्या: साक्षीदार म्हणते की तिला साक्ष शिकवण्यात आली. मी उठून सगळं समजावलं, मूट कोर्ट म्हणजे काय, सरांची पद्धत काय, सगळं. न्यायाधीश ऐकून घेत होते, चेहरा मात्र दगडाचा. बाहेर व्हरांड्यात ती मला म्हणाली, "चांगलं झालं का गं?" मी म्हणाले, "झालं की." दुसरं काय म्हणणार होते?

आता उरला होता एकच माणूस. सुपरवायझर. खरा.

त्याचं शपथपत्र कंपनीनं केव्हाच दाखल केलं होतं, पण उलटतपासणीला यायचं तो टाळत होता. निवृत्त होऊन गावी गेला होता, गाव कोकणातलं, दूर. मी अर्जावर अर्ज केले, समन्स काढलं, शेवटी तो आला. मला वाटलं होतं की कुणीतरी दांडगा, मिशाळ माणूस असेल. मी त्याला इतकी वर्षं माझ्याच घोगऱ्या आवाजात ऐकत आले होते. आला तो बारीकसा म्हातारा, स्वेटर घातलेला, हातात कापडी पिशवी. पेटीत उभा राहिला तरी त्यानं ती पिशवी हातातून सोडली नाही. आणि त्यानं जे सांगितलं ते माझ्या त्या कागदावरचं होतं. मी यांना ओळखत नाही. ते आत नव्हते. असल्याचं मला माहीत नाही.

मी माझी उलटतपासणी शास्त्रशुद्ध केली. प्रश्न लहान, एका प्रश्नात एकच गोष्ट, आवाज न चढवता. भट्टीवर किती माणसं लागतात, त्या दिवशी कोण होती, बदलीची माणसं येतात हे खरं ना. तो प्रत्येक वेळी "आठवत नाही" म्हणायचा, नाहीतर "माहीत नाही". मी भिंतीवर डोकं आपटत होते. समोरचे वकील खुशाल खुर्चीत रेलून बसले होते. सरांनी आम्हाला एक गोष्ट घोकून घोकून शिकवली होती: उलटतपासणीत ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही तो प्रश्न विचारायचा नाही. मेलात तरी नाही. मी तसे सगळे प्रश्न संपवले आणि माझ्या हातात काहीही नव्हतं.

"झालं का, मॅडम?" न्यायाधीश म्हणाले.

मी मागे वळून बघितलं. ती शेवटच्या बाकावर बसली होती, पदराचं टोक दातात धरून. म्हाताऱ्याकडे एकटक बघत होती. इतक्या वर्षांनी खरा माणूस समोर आला होता आणि ती गप्प होती. साक्षीदारानं विचारायचं नसतं, हे तिला आम्ही शिकवलं होतं ना! पक्कं शिकवलं होतं. तिच्या तोंडाला कुलूप लागलं होतं आणि तोंडातला प्रश्न इकडे माझ्या कानात वाजत होता.

"एकच प्रश्न," मी म्हणाले. आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "तो जेवला होता का?"

समोरचे वकील ताडकन उठले. "हरकत आहे! याचा प्रकरणाशी काय संबंध?" न्यायाधीशांनी माझ्याकडे बघितलं, त्यांनाही तेच विचारायचं होतं. पण त्यांचं बोलणं सुरू व्हायच्या आतच म्हातारा बोलायला लागला. माझ्याशी नाही. माझ्या डोक्यावरून, शेवटच्या बाकाकडे बघून.

"नाय वो," तो म्हणाला. "जेवणाची सुट्टी व्हायच्या आधीच पडला, भट्टीपाशी. डबो तसोच होतो. भाकरी, मेथीची भाजी. मीच तो रिकामो केलंय नि घासलंय. भरलेलो डबो घरी कसो धाडायचो? माणसाच्या बायकोनं उघडला असता तर..."

कोर्टात टंकलेखकाचीही बोटं थांबली होती. समोरचे वकील हळूच खाली बसले. न्यायाधीश टंकलेखकाकडे वळले आणि एकेक शब्द सुटा करून सांगायला लागले: जेवणाच्या सुट्टीच्या आधी, भट्टीपाशी, डबा मी स्वतः घासला. प्रत्येक शब्द आमच्या बाजूचा होता. एवढ्या वर्षांचा दावा एका प्रश्नात उभा राहिला होता. तो माणूस गेटच्या आत होता. ती खरं बोलत होती. माझ्या पहिल्या मोठ्या दाव्यात मी जिंकत होते, आणि मी टेबलावरचे कागद पुन्हा पुन्हा सारखे करत उभी होते.

कारण मागे वळायचा मला धीर होत नव्हता. दाव्यालाही त्याच प्रश्नाचं उत्तर हवं होतं आणि तिलाही, पण दावा ज्या उत्तरानं जिंकला तेच तिला ऐकायचं नव्हतं. इतकी वर्षं घासलेल्या डब्याकडे बघून ती म्हणू शकत होती की संपवला असेल, खाऊन गेला असेल. कुणी नाही म्हणायला नव्हतं. ते मी म्हणवून घेतलं, शपथेवर, शिक्क्यानिशी.

व्हरांड्यात ती रडली नाही. म्हातारा तिच्यासमोरून जाताना थांबला, हात जोडून उभा राहिला. तीही हात जोडून उभी राहिली. मग ती मला म्हणाली, "चल लेकी, डबे गोळा करायचेत." मेट्रोत ती पूर्ण वेळ माझा हात धरून बसली होती. तिला माझी गरज होती की मला तिची, देव जाणे.

निकाल तिच्या बाजूनं लागला. सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "कुठल्या प्रश्नावर फुटला?" मी सांगितलं. "हा प्रश्न तर तिनं आपल्याला तेव्हाच दिला होता," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. पुढच्या मूटला त्यांनी तिला बोलावलं नाही. नंतर ते शिकवायलाच गेले नाहीत.

आदेशाची प्रत द्यायला मी कुरुळीला गेले. सकाळची वेळ, पहिल्या शिफ्टची पोरं निघायच्या गडबडीत. मला वाटलं होतं, नेहमीसारखी दारात डब्यांची रांग असेल, ती चटाचटा झाकणं लावत असेल. तर डबे कुठेच दिसेनात. अंगणात पत्र्याच्या शेडखाली सतरंजी अंथरली होती आणि पोरं मांडी घालून ओळीनं जेवत होती. एवढ्या सकाळी, गणवेशात, गळ्यात कार्डं लटकवून. ती भाकरीची टोपली घेऊन त्यांच्यामधून फिरत होती.

"डबे कुठे गेले?" मी विचारलं.

"मोडीत घातलं," ती म्हणाली. "आता डबा न्हाई देत कुनाला. हितंच बसायचं, माज्या म्होरं खायाचं, मंगच गेटावर जायाचं."

एक पोरगा उभा राहत म्हणाला, "मावशी, बस चुकतीय, अर्धी राहू दे ना." ती त्याच्यावर खेकसली, "बस! बस म्हनते ना! दुसरी बस येत न्हाई व्हय?" पोरगा मुकाट्यानं खाली बसला आणि अर्धी भाकरी संपवली. त्याला कळत नव्हतं ती का ओरडते. बाकीची पोरं त्याला चिडवत होती.

मी तिच्या हातात आदेश दिला. तिनं तो कपाळाला लावला, देवळीत ठेवला, आणि सतरंजीवर रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. मी म्हणाले, मावशी, खाऊन आलेय, कोर्टात जायचंय. तिनं ऐकल्याचं दाखवलंही नाही. ताट आलं. भाकरी आणि मेथीची भाजी. मी घड्याळाकडे बघितलं. पण ती समोर उकिडवी बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून, माझ्या तोंडाकडे बघत.

मी सगळं खाल्लं. ताट पुसून खाल्लं. तिनं ते उचललं, उजेडाकडे धरून आत बघितलं, आणि मग म्हणाली, "जा आता."